बोटभर

स्मेर म्हणजे आमच्याकडे कुंपणावरचं काळं बोर,
खाल्लं की बोटं जांभळी करणारं.
शिंगरू जन्मलं तेव्हा तसंच होतं, ओलं, काळंभोर,
मार्चच्या पहाटे, दगडी भिंतीच्या आडोशाला,
समुद्राकडून वारा सुटलेला असताना.
बाबांनी अंगातला कोट तिच्यावर टाकला
आणि जार पडेपर्यंत नुसत्या शर्टावर उभे राहिले.

आता ती पांढरी आहे.
एकदम नाही झाली, दर हिवाळ्यात थोडी थोडी,
बाबांच्या दाढीच्या मागोमाग.
नाव मात्र बोराचंच राहिलं.

माशांच्या कारखान्यातली पाळी संपली की मी तिला खरारा करते.
हातांना बांगड्याचा वास असतो, तिला चालतो.
खिशात नाक खुपसते, साखर नसली तर बटण चावते.
माझ्या एकाही कोटाला खालचं बटण नाही.

या जातीच्या घोड्यांना एक अट आहे:
एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर.
मूर्ती लहान, म्हणूनच तर कीर्ती.
आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत,
आतून माझ्या, आणि काहलच्या,
ज्या तो बोस्टनला गेला तिथे थांबतात;
बाहेरून तिच्या.
पाचव्या वर्षी तिची रेघ एकशे अठ्ठेचाळीसला टेकली
आणि बाबा तिच्या खुरांकडे सावकारासारखे बघू लागले.
नाल काढले. दर तिसऱ्या आठवड्याला कानस.
तोबऱ्यातले ओट कमी कर, म्हणाले,
जणू दाणा उंचीलाच जातो.

ऑगस्टमधलं प्रदर्शन. चिखल, घोड्यांचे ट्रेलर,
वेणी घातलेल्या आयाळी, वेणी न घातलेली पोरं,
आपल्या घोड्याच्या पणजोबाची गोष्ट सांगत फिरणारा फेस्टस.
स्वीडनहून आलेली एक बाई गुलाबी रबरी बुटांत थांबलेली.
मोजणीचा दाखला मिळाला की चेक.
तिने आकडा सांगितला तेव्हा आई खाली बसली होती.

मोजायला सिमेंटचा सपाट ओटा असतो.
घोडी बिचकली की मान वर, मान वर की खांदे वर;
निवांत असली की बोटभर खाली उतरते.
हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.
बाबा तिच्या कानाशी गुणगुणत होते,
शब्द नसलेलं काहीतरी.
तिचा खालचा ओठ लोंबला. डोळे अर्धे मिटले.
डॉक्टर ओर्लाच्या काठीवरची आडवी पट्टी
हळूहळू खाली येऊ लागली.

तेवढ्यात चहाच्या तंबूत कपबशांचा ट्रे पडला.

मी दोरीला हिसका दिला नाही. शपथेवर सांगते.
दोरी सैल सोडायची होती, एवढंच,
आणि माझी बोटं ते विसरली.

एकशे एकोणपन्नास.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा मोजलं, आणि माणुसकी म्हणून तिसऱ्यांदा.
पण एकदा कान टवकारलेली घोडी
आपल्या सोयीसाठी कशाला खाली उतरेल?
गुलाबी बूट फेस्टसच्या घोड्याकडे वळले.

घरी येताना बाबा गप्प. ट्रेलरमधून खुरांचा आवाज.
दलदलीचं वळण गेल्यावर म्हणाले,
"ट्रे कुणी पाडला?"
"नोलीगच्या पोरानं."
"हुशार पोर आहे."
आणि आरशातून माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं.

रात्री त्यांनी कात्रीच्या खणातून पेन्सिल काढली,
कंदील घेऊन दाराबाहेर गेले
आणि जुन्या रेघेवरच पुन्हा रेघ ओढली, ठसठशीत,
शेजारी वर्ष लिहिलं.
"त्यांचा ओटाच वाकडा होता."

छपराचं काम पुन्हा पुढच्या उन्हाळ्यावर गेलं.
मोरीपाशी ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होता.
आईने हिशेबाची वही उघडली, मिटली.
अंधारात भिंतीपलीकडे ती फुरफुरली,
आणि बाबा उठून
साखरेचा डबा कुठे ठेवलाय म्हणून
मलाच रागावू लागले.